आप्पांची सातवी आणि निनावी प्रॉक्सी

ती. बेबीताईस,

धाकट्या मामेभावाचा साष्टांग नमस्कार. (कमरेचा पट्टा अजून सुटलेला नाही, त्यामुळे आठांपैकी दोन-तीन अंगं मागे राहिली आहेत. बाकीची तुझ्या चरणी पोचली असं समज.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे डॉक्टरांना नीट सांग, नाहीतर ते दोन्हींची औषधं देतील. भाओजी दुपारी वर्तमानपत्र तोंडावर घेऊन झोपतात ना अजून? झोपत असतील तर त्यांची प्रकृती उत्तम आहे असं मी इकडून धरून चालतो. आमच्याकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान चालू आहे. लोकांचे डोळे बिघडत राहतात, त्यावर आमचं भागतं.

दहा-बारा दिवसांपूर्वी तू फोनवर म्हणालीस की तुला यापुढे माझं तोंड पाहायचं नाही, आणि फोन ठेवलास. फोनवर तोंड दिसत नाही हे मी तुला सांगणार होतो, पण ते तुझ्या रागाला तूप घातल्यासारखं झालं असतं. शिवाय तू पुन्हा उचललाच नाहीस. म्हणून हे पत्र. पत्र रागाने टेबलावर आपटलं तरी चहा झाल्यावर पुन्हा उचलता येतं. तेव्हा आधी चहा घे. झालेला प्रकार मी पहिल्यापासून सांगतो, आणि माझी बाजू घेऊन सांगणार नाही. (थोडी घेईन. दुसरं कोणी घेणारं नाही.)

आपल्या घराण्याची वेबसाइट तुला ठाऊक आहे. आमच्या जावईबापूंनी ती बांधून दिली आणि मला तिचा ॲडमिन केलं, कारण जेवणं झाल्यावर 'हे कोण सांभाळणार' असा प्रश्न निघाला तेव्हा बाकीचे सगळे हात धुवायला गेले होते. वेबसाइटचा नियम एकच: कोणीही यावं, लिहावं, दुसऱ्याने लिहिलेलं सुधारावं. नाव नोंदवायला नको, पासवर्ड नको. म्हाताऱ्या माणसांना जड जाऊ नये म्हणून हा नियम मीच घातला होता, हे कृपा करून लक्षात ठेव, कारण पुढे माझ्या बाजूने फार थोडं येणार आहे. नाव नसलं तरी कोणत्या इंटरनेटवरून लिहिलं त्याचा आकड्यांचा एक पत्ता खाली उमटतो. त्या पत्त्यावरून माणूस कोणत्या देशात बसला आहे तेही कळतं. (कळतं असं मी समजत होतो.)

तर मी आप्पांचं पान लिहिलं. चार रविवारच्या दुपारी खर्च केल्या. तुझे आप्पामामा शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झाले, त्यांची मोटार फाटकाशी थांबली की हेडमास्तरांना घाम फुटायचा, हे सगळं मी नीट मांडलं आणि सुरुवातीला एक वाक्य घातलं: 'आप्पा बालपणापासूनच अत्यंत हुशार व शिस्तप्रिय होते.' वाक्य वाचून माझं मलाच भरून आलं. दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं म्हणून पुन्हा वाचायला गेलो, तर 'अत्यंत हुशार' गायब, आणि तिथे लिहिलेलं: 'सातवीला दोनदा बसला.'

मी ते खोडलं. ते परत आलं, आणि येताना सोबत घेऊन आलं: 'दुसऱ्यांदाही काठावर.' मी दोन्ही खोडली. तिसऱ्या वेळी आलं ते असं: 'शिस्तप्रिय नव्हता. शिस्त लग्नानंतर लागली, ती वहिनीने लावली.' बेबीताई, 'वहिनी' हा शब्द माझ्या डोळ्यांसमोर ढळढळीत होता. माझ्या आईला वहिनी म्हणणारी माणसं या जगात किती उरली आहेत हे मोजायला एका हाताची बोटं जास्त होतात. तरी मला उजेड पडला नाही. माणसांना नीट दिसावं हा माझा धंदा आहे, हे वाचताना हसू नकोस.

मी बघत होतो ते पत्ते. पहिलं वाक्य आलं होतं एका बर्फाच्या देशातून. दुसरं, एका बेटावरून. ते बेट नकाशात शोधायला मला दुकानातलं भिंग काढावं लागलं. तिसरं तर अशा ठिकाणाहून, जिथे आपलं कोणी राहत असेल तर त्याने ते आजवर सगळ्यांपासून लपवलं असलं पाहिजे. आप्पांच्या सातवीत इतक्या देशांना रस असावा याचं मला आधी आश्चर्य वाटलं, मग संताप आला. पहिला संशय, रागावू नकोस, तुझ्यावर होता. लहानपणी माझ्या चुगल्या तूच करायचीस, तेव्हा अनुभवावरून निघालो. पण तुला आप्पांच्या सातवीचं काय ठाऊक असणार, तेव्हा तुझा जन्मही नव्हता. मग धाकट्या काकांना फोन लावला आणि आडून विचारलं की काका, तुम्ही प्रॉक्सी वगैरे वापरता का. (हा शब्द मी नुसता ऐकून होतो, अर्थ मलाही ठाऊक नव्हता.) काका म्हणाले, "पूर्वी घेत होतो, डॉक्टरांनी बंद केलं." त्यांचं नाव यादीतून काढलं.

शेवटी जावईबापूंना जेवायला बोलावलं. ते टेलिफोन कंपनीत दिवसभर यंत्रांशी बोलतात, त्यामुळे संध्याकाळी माणसांसाठी फारसे शब्द उरत नाहीत. त्यांनी पत्ते पाहिले आणि म्हणाले, "प्रॉक्सी." मी अर्थ विचारला तेव्हा त्यांना पुढे बोलावं लागलं. आपण चिठ्ठी स्वतः न देता तिऱ्हाइताच्या हातून दिली तर घेणाऱ्याला तिऱ्हाइताचंच तोंड दिसतं, तसा हा प्रकार असतो. मधलं यंत्र कोणत्याही देशात असू शकतं. लिहिणारा इथे गल्लीतही असेल. एकेक पत्ता अडवून उपयोग नाही, तो दर वेळी नवा घेऊन येणार. अशा यंत्रांच्या तयार याद्या मिळतात, ती यादी एकदा बसवली की सगळ्या प्रॉक्सींना एकदम बंदी. मी म्हणालो बसवा. त्यांनी बसवली. दारात चपला घालताना ते म्हणाले, "यात साधी माणसंही अडकतात." मी त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेलो आणि विषय बदलला. (सासऱ्याने जावयाचं ऐकलं नाही तर ते आदरातच मोडतं, असा माझा समज आहे.)

यादी अडवते, पण अडवल्यावर समोर काय दिसावं हे ॲडमिनने लिहायचं असतं. इथे मी मन लावून काम केलं. तपासणीच्या तक्त्यावर असतो तसा लाल रंग घेतला, त्यावर पांढरी ठळक अक्षरं. सहा मीटरवरून बिनचष्म्याने वाचता यावीत इतकी. लिहिलं: 'आपण तोंड लपवून आला आहात. तोंड लपवून येणाऱ्यांना या घरात जागा नाही.' घरात मोठ्याने वाचून दाखवलं. तुझी भावजय भाजी निवडत होती. म्हणाली, "चोर जाईल का माहीत नाही, पाहुणे नक्की जातील."

आणि खरंच शांत झालं. आप्पा हुशार आणि शिस्तप्रिय राहिले. मी दुकानात छाती काढून बसू लागलो. मग तक्रारी आल्या. बोटीवरच्या भाच्याला मुलगी झाली, आणि ती बातमी वेबसाइटवर लिहायला तो बसला तर लाल पाटी. बोटीवरच्या सगळ्यांचं इंटरनेट कंपनीच्या एकाच यंत्रातून बाहेर पडतं, आणि ते यंत्र यादीत होतं. त्याने सगळ्या नातेवाइकांना कळवलं की मामाने माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी घराण्यातून काढलं. बँकेतल्या पुतणीचं तेच झालं. तिने मला नुसता त्या पाटीचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नाही. ते लिहिण्यापेक्षा जास्त लागलं. तरी मी ठाम होतो. थोडी गैरसोय सोसायला हवी, असं मी सगळ्यांना कळवलं. (सोसणारे तेच होते.)

आता तुझ्या आईकडे येतो. मी दर रविवारी आत्याकडे जातो हे तू जाणतेस. माहेरच्या गावातच राहायचं म्हणून ती हट्टाने इथल्या वृद्धनिवासात आली, तेव्हा तू मला बजावलं होतंस की हिच्याकडे बघ. मी बघत होतो. पाटी लावल्यानंतरच्या रविवारी गेलो तर व्यवस्थापिका बाई म्हणाल्या, झोपल्या आहेत. पुढच्या रविवारी गेलो, तेव्हाही झोपलेल्या. मी म्हटलं, बरं नाही का त्यांना? बाई सरळ स्वभावाच्या आहेत. म्हणाल्या, "बऱ्या आहेत. झोपल्यात म्हणून सांगा असं त्यांनीच सांगितलंय." मी परत आलो आणि वाटभर विचार केला की आत्याचा माझ्यावर कशाचा राग असेल. खूप कारणं सुचली, पण खरं एकही नव्हतं.

दोन दिवसांनी बाई स्वतः दुकानात आल्या. त्यांनी पिशवीतून चष्म्याची डबी काढून काउंटरवर ठेवली. आत्याचा चष्मा. तिचे आकडे मी कोणालाही न विचारता सांगू शकतो. तिच्या उजव्या कानामागे काडी टोचायची म्हणून मी ती तीनदा गरम करून वाकवली होती. मला वाटलं, स्क्रू निघाला असेल. उघडून बघितलं तर चष्मा ठणठणीत. पुसून, कापडात गुंडाळून ठेवलेला. बाई म्हणाल्या, "परत द्यायला सांगितलाय. त्या म्हणाल्या, लिहायलाच बंदी आहे तर चष्मा घेऊन काय करू."

मी विचारलं, कसलं लिहिणं?

बाईंनी सांगितलं ते असं. वृद्धनिवासाच्या दिवाणखान्यात सगळ्यांसाठी एक सामाईक टॅबलेट आहे. आत्या रोज दुपारी तो घेऊन खिडकीशी बसायची आणि एका बोटाने काहीतरी लिहायची. शेजारच्या खोलीतल्या आजींना वाचूनही दाखवायची. मग एक दिवस स्क्रीनवर लाल पाटी आली. आत्याने ती एकदा वाचली, टॅबलेट जाग्यावर ठेवला आणि खोलीत गेली. तेव्हापासून दिवाणखान्यात आली नाही, जेवायचं ताट खोलीत मागवते आणि अर्धं परत पाठवते.

बेबीताई, समोर गिऱ्हाईक बसलेलं होतं. त्याच्या नाकावर चाचणीची फ्रेम होती, मी त्यात काच घालत होतो. ती मी कोणत्या डोळ्याला घातली ते आता आठवत नाही. तो बिचारा 'आता धूसर दिसतंय' म्हणाला, मी म्हटलं, मलाही.

जावईबापूंना फोन केला. त्यांनी तिथल्या बाईंशी बोलून घेतलं आणि नेहमीच्या मानाने भाषणच केलं. म्हाताऱ्या माणसांना इंटरनेटवर कोणी फसवू नये म्हणून वृद्धनिवासाने एका कंपनीची राखण घेतली आहे. तिथलं सगळं जाणंयेणं त्या कंपनीच्या यंत्रांमधून होतं, यंत्रं देशोदेशी आहेत आणि जे मोकळं असेल ते काम करतं. म्हणून एकदा बर्फ, एकदा बेट. आत्याने काहीच लपवलं नव्हतं. तिला प्रॉक्सी हा शब्दही ठाऊक नाही. तिला फक्त एवढं दिसलं की माहेरच्या दारावर भाच्याने पाटी लावली आहे, आणि पाटी म्हणते की तुला या घरात जागा नाही. त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. 'मला बाहेर काढलं' एवढंच आत्याने तुला सांगितलं होतं, कशातून ते सांगितलं नव्हतं, आणि तू समजलीस वृद्धनिवासातून. आपल्या दोघांच्या भांडणातला इतका भाग तरी गैरसमजाचा आहे. बाकीचा मी मान्य करतो.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि आम्ही दोघं गेलो. मी एकटा गेलो असतो तर ती झोपलेलीच राहिली असती, म्हणून तुझी भावजय पुढे. आत्या पलंगावर भिंतीला टेकून बसली होती. तुला तिची खोली माहीत आहे: लोखंडी कपाट, खुर्ची, आणि वाळत घातलेल्या चादरींकडे उघडणारी खिडकी. चष्मा नसल्याने ती डोळे बारीक करून आमच्याकडे बघत होती, आणि चेहरा लहान दिसत होता. मी डबी उशाशी ठेवली. तिने हात लावला नाही.

म्हणाली, "तोंड लपवून आले म्हणे मी. अरे, तुझं तोंड पहिल्यांदा पुसलं ते मी. तुझी आई शुद्धीवर यायची होती."

मी प्रॉक्सी समजावायला गेलो. चिठ्ठी, तिऱ्हाईत, बेट, सगळं सांगितलं. ती ऐकून घेत होती, पण समजून घेत नव्हती. शेवटी मी म्हटलं, "आत्या, खाली नुसतं नाव लिहिलं असतंस तर?"

"घरात लिहायचं तर नाव कशाला? आप्पा सातवीला दोनदा बसला हे दुसऱ्या कोणाला माहीत आहे? वाचलंस तेव्हाच कळायला हवं होतं."

तुझी भावजय खिडकीबाहेरच्या चादरींकडे बघत राहिली. ती हसत होती, मला पाठीवरून कळतं.

मग आत्याने सांगितलं. निकाल लागला त्या दिवशी आप्पा घरात गेलेच नाहीत, मागच्या पायरीवर बसून राहिले. ही तेव्हा पहिली-दुसरीत असेल. हिने फ्रॉकच्या खिशातलं बिस्किट मोडून त्यांना अर्धं दिलं. आप्पांनी ते खाल्लं आणि सांगितलं की मी रडलो हे कोणाला सांगायचं नाही, आणि नापास झालो हेही मोठेपणी कोणाला सांगायचं नाही. हिने शब्द दिला. आजोबांना निकाल कळला, धाकटे काका तेव्हा पाळण्यात होते, आणि कळलेली माणसं एकेक करून गेली. आप्पा शाळा तपासनीस झाले, शाळाशाळांतून मुलांना उभं करून प्रश्न विचारू लागले, तेव्हाही ही गप्प राहिली. म्हणाली, "तो होता तोवर पाळलं. आता त्याला कशाची लाज? मी गेल्यावर ते कोणाला ठाऊक असणार? आणि तू जो लिहिलायस ना, तो आप्पा मला ओळखू येत नाही. भिंतीवर लावायचा माणूस वाटतो कुणीतरी. माझा भाऊ त्यात कुठे आहे?"

 मी चष्मा उघडून तिच्या नाकावर चढवला, काड्या कानामागे बसवल्या. धंद्याची सवय, हात आपोआप जातात. तिने माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाली, "किती पांढरा झालास रे." मग जेवणाचं ताट आलं, आणि ते रिकामं परत गेलं.

पुढचं काम जावईबापूंनी केलं. ती पाटी काढून टाकली. बोटीचं आणि बँकेचं यंत्र यादीतून वगळलं. (भाच्याची मुलगी आता घराण्यात आहे, वजनासकट.) आत्याचा प्रश्न राहिला, कारण तिथली यंत्रं रोज नवी. तिला बंदी लागूच नये अशी सूट द्यायची तर त्या वेबसाइटच्या बांधणीत ती सूट फक्त ॲडमिनला मिळते. मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, करा तिला ॲडमिन. जावईबापू म्हणाले, "सगळे अधिकार त्यांच्याकडे जातील." मी त्यांना फाटकापर्यंत सोडलं.

तर असं झालं. आत्या पुन्हा दुपारी खिडकीशी बसते, एका बोटाने लिहिते, आणि शेजारच्या आजी ऐकतात. आता तुझा राग निम्मा तरी उतरला असेल तर उरलेला तू इकडे आल्यावर समोरासमोर काढ. भाओजींच्या तोंडावरचं वर्तमानपत्र न हलवता त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझा, तोंड दाखवायला तयार असलेला,
मामेभाऊ

ता. क. आप्पांचं पान आता आत्याने लिहिलंय तसंच आहे. पायरी आहे, बिस्किट आहे, दोन वर्षांची सातवी आहे. मी वाचलं आणि दोनदा चष्मा पुसला. त्यात मी फक्त एक शब्द घातला: 'हुशार'. 'अत्यंत' नाही घातला. नुसता 'हुशार'.

ता. क. दुसरा. तिने तो काढला. मी पुन्हा घातला. तिने पुन्हा काढला. मी तिसऱ्यांदा घालायला गेलो तर पाटी. लाल नाही, हिरवी केली आहे. त्यावर लिहिलंय: 'दोनदा सांगून ऐकत नाहीस. आता लिहू नकोस, ये आणि बोल.' आत्याने मला ब्लॉक केलं आहे. माझ्याच वेबसाइटवर.

ता. क. तिसरा. हे जावईबापूंच्या कानावर घालू नकोस. मी एक निनावी प्रॉक्सी शोधून काढली आणि तिच्यातून आत जायचा प्रयत्न केला. तिला आमच्या यादीने अडवलं. यादी उत्तम आहे.

ता. क. चौथा, आणि पत्राचं खरं कारण. आत्या तुझंच काय ते ऐकते. एक फोन कर आणि तिला सांग की मला मोकळं कर. वाटल्यास 'हुशार' हा शब्द मी कंसात घालीन.

वन्सं, हे पाकीट बंद करायला माझ्याकडे आलं म्हणून दोन ओळी लिहिते. आत्यांना काही सांगू नका. लिहिता येत नाही म्हणून हे आता रविवारची वाट न बघता रोज दुकान बंद करून तिकडे जातात, त्या एका शब्दावरून दोघं तासभर भांडतात, आणि आत्या भांडता भांडता दोन पोळ्या जास्त खातात. काल बाई म्हणाल्या की हे गेल्यावर त्या शेजारच्या आजींना सांगत होत्या, हुशार होताच तो, पण एवढ्यात कबूल केलं तर हा यायचा बंद होईल.